बारवे आणि बारवां: ईमॅक्समधली शब्दपूर्तीची यादी मराठीला बसवताना

शनिवार, ५ जुलै २०२५

मावशीचं बारवांवरचं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवरचं, हस्तलिखित ईमॅक्स या मजकूर-संपादकातच टाइप करायचं ठरलं. ती निवृत्त मुद्रितशोधक आहे, इनस्क्रिप्ट कळफलकावर हात चांगला बसलाय. तिला सोय एकच हवी आहे: लांब शब्द अर्धा झाला की उरलेला आपोआप सुचावा.

मशीनवर ईमॅक्स ३०.१ आहे, शब्दपूर्तीसाठी कॉर्फू आणि केप ही दोन पॅकेजं. केपमधलं डॅब्रेव्ह फाइलीतले शब्द गोळा करून देतं, कॉर्फू ते कर्सरच्या खाली छोट्या चौकटीत मांडतं. ईमॅक्समध्ये ही वाटणी पक्की आहे. शब्द पुरवणारं फंक्शन एक, ते दाखवणारं पॅकेज दुसरं, आणि दोघांमधला करार ठरलेला. त्यामुळे दाखवण्याच्या बाजूला हवी तेवढी ढवळाढवळ करता येते.

पहिल्या प्रकरणाची फाइल उघडून 'बार' टाइप केलं. चौकटीत आलेल्या दहा ओळी: बारव, बारवा, बारवेत, बारवांत, बारवेचा, बारवेची, बारवेचे, बारवेला, बारवांची, बारवांना. संपली चौकट. दहाच्या दहा ओळी एकाच बारवेने अडवल्या.

कॉर्फू मुळात आधी लांबीने आणि मग अक्षरक्रमाने लावतं, म्हणून आखूड शब्द वर येतात. 'बारामोटेची' आणि 'बारकाव्यांनिशी' हे दोन्ही शब्द फाइलीत आहेत, पण ते पार खाली गेले. सातारा जिल्ह्यातल्या लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर तिचं आख्खं प्रकरण आहे, म्हणजे तो शब्द पानोपानी लागणार. ज्या शब्दांसाठी शब्दपूर्ती हवी तेच शेवटी, आणि 'बारवेत' सारखा शब्द, जो यादी वाचण्याआधी टाइप होऊन जातो, तो वर.

इंग्रजीत एका नामाची दोन-तीन रूपं. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं धरली तर एका नामाची पन्नासेक सहज होतात. यादी दाखवण्याची पद्धत तीच ठेवून ओळी वाढवणं हा उपाय नाही. वीस ओळींची चौकट अर्धा मजकूर झाकेल आणि त्यातल्या अठरा ओळी बारवेच्याच असतील.

रविवार, ६ जुलै

आषाढी. दुपारनंतर बसलो.

आधी दिसण्याचे ढोबळ प्रश्न. मूळ फॉन्ट डेजावू सान्स मोनो होता. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे ईमॅक्स मराठी अक्षरांसाठी दुसरा फॉन्ट उसना घेतं. उसन्या फॉन्टची ओळ उंच असते. कॉर्फूची चौकट ही ईमॅक्सची स्वतंत्र पोटचौकट असते आणि तिची उंची ठरते मूळ फॉन्टच्या ओळीवरून. हिशेब दहा ओळींचा, पण ओळी उंच, त्यामुळे शेवटच्या ओळींच्या उकारांचे पाय कापले जातात.

दोन वाटा दिसल्या. फेस-फॉन्ट-रीस्केल-ॲलिस्ट या सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट ०.८५ पटीने आकसायचा. चौकट लगेच बसली, पण मजकुराची अक्षरंही लहान झाली आणि मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. ती वाट बंद. दुसरी वाट म्हणजे फाइल मराठीच आहे तर मूळ फॉन्टच देवनागरी घ्यायचा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता लावला. तो मोफत आहे, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, रेषा स्वच्छ. आता ओळीच्या उंचीचा हिशेब मुक्तावरूनच होतो आणि पाय कापले जात नाहीत.

किंमत मोजावी लागली ती रुंदीत. मुक्ताची अक्षरं एकसारख्या रुंदीची नाहीत. त्याबद्दल नंतर.

बुधवार, ९ जुलै

ऑफिसनंतर थोडा वेळ. ईमॅक्स ३० मध्ये आलेला कम्प्लीशन-प्रिव्ह्यू-मोड लावून पाहिला. यात चौकट नसतेच. सुचलेल्या शब्दाचा उरलेला भाग कर्सरच्या पुढे फिकट अक्षरांत उमटतो, टॅब दाबला की पक्का होतो. कल्पना सुटसुटीत आहे आणि मजकूर झाकला जात नाही, म्हणून आशा होती.

'विह' टाइप केलं. पुढे फिकट अक्षरांत उमटलं ते एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी आणि मग 'रीत'. कारण सरळ आहे. फिकट भाग हा फाइलीतला मजकूर नसून वरून चिकटवलेली वेगळी पट्टी असते. अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ करतं, पण त्याच्याकडे 'ह' एका तुकड्यात जातो आणि 'ि' दुसऱ्या. ज्याला आधाराला व्यंजन नाही अशा मात्रेखाली ते ठिपक्यांचं वर्तुळ काढतं. त्याचं बरोबरच आहे. इंग्रजीत शब्द कुठेही तोडला तरी दोन्ही तुकडे धड राहतात. आपल्याकडे 'ह' आणि 'हि' या अर्ध्यामुर्ध्या पायऱ्या नाहीत, ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

अट घातली: फिकट भागाचं पहिलं चिन्ह मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल तर काही दाखवायचं नाही; टाइप केलेला भाग हलन्तावर संपत असेल तरीही नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, प्रत्येक चिन्हाचा वर्ग नोंदलेला असतो आणि ईमॅक्सला तो विचारता येतो, त्यामुळे तपासणी दोन ओळींत झाली. वर्तुळं गेली. पण आता फिकट भाग एका अक्षराला दिसतो, पुढच्याला गायब होतो, परत येतो. डोळ्यांना त्रास. हा प्रकार ठेवला नाही. शब्द सुट्या चौकटीत पूर्ण दाखवणं हेच मराठीला मानवतं, कारण तिथे शब्द अख्खा असतो, तुटलेला नसतो.

शनिवार, १२ जुलै

आज मुख्य कामाला हात घातला. केपचं डॅब्रेव्ह बाजूला ठेवून शब्द पुरवणारं स्वतःचं फंक्शन लिहिलं. ईमॅक्सच्या लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत नावं देवनागरीत चालतात, तेव्हा नावं मराठीतच दिली: 'शब्द-गोळा', 'प्रत्यय-यादी', 'घडी-घाल'. सहा महिन्यांनी फाइल उघडली तर काय कशासाठी होतं ते कळेल. शिवाय मजा येते.

शब्द गोळा करताना युनिकोडमधला देवनागरीचा पूर्ण पट्टा घेऊन चालत नाही. त्यात दंड, दुहेरी दंड आणि ०पासून ९पर्यंतचे अंकही येतात. मावशीच्या मजकुरात शिलालेखांचं वाचन भरपूर आहे, तिथे दंडच दंड. ते वगळले. शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं जोडणारं चिन्ह, मात्र पट्ट्याबाहेर असूनही घ्यावा लागतो, नाहीतर काही शब्द मधोमध तुटतात.

मग मुद्द्याची गोष्ट. रूपांची घडी, म्हणजे अनेक रूपांची मिळून एकच ओळ, कुठे घालायची? पहिला विचार मूळ शब्दावर घालायचा: फक्त 'बारव' दाखवायचं आणि पुढचं लिहिणाऱ्याने लिहायचं. पण मराठीत मूळ शब्दाला प्रत्यय सरळ चिकटत नाही. बारव, पण बारवेत. घोडा, पण घोड्याला. पाणी, पण पाण्याचा. 'पाणी' निवडून पुढे 'चा' टाइप करायचं तर आधी दीर्घ वेलांटी पुसायची, मग अर्धा ण करायचा. पूर्ण करून मिळालेला शब्द पुसावा लागत असेल तर तो न मिळालेला बरा.

घडी सामान्यरूपावर घालायची. 'बारवे' ही एक ओळ, 'बारवां' ही दुसरी, आणि सरळरूपं 'बारव' आणि 'बारवा' यांची एकेक. दहाऐवजी चार ओळी. 'बारवे' निवडलं की 'त', 'ला', 'च्या' हाताने टाइप करायला दोन-तीन कळा लागतात आणि काही पुसावं लागत नाही. शाळेत सामान्यरूपाचा तक्ता पाठ करताना याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता सामान्यरूप ओळखायचं कसं? शब्दकोश जोडून व्याकरण शिकवण्याच्या भानगडीत पडायचं नाही, फाइलीतल्या शब्दांवरूनच अंदाज घ्यायचा. शब्दाच्या शेवटचा प्रत्यय काढायचा, लांब प्रत्यय आधी तपासायचे म्हणजे 'पासून' 'पर्यंत' 'मध्ये' 'साठी' आधी आणि 'त' सगळ्यात शेवटी. प्रत्यय काढून उरलेल्या भागाला तीन अटी. तो किमान दोन अक्षरांचा असावा. तो स्वरचिन्हावर किंवा अनुस्वारावर संपावा, कारण मराठी नामाचं सामान्यरूप बहुधा आकारान्त, एकारान्त, ईकारान्त असंच होतं. आणि तोच भाग फाइलीत किमान दोन वेगळ्या प्रत्ययांसह सापडावा.

दुसऱ्या अटीमुळे 'भारत' वाचला, नाहीतर 'भार' आणि 'त' झाला असता. 'पर्वत'ही वाचला. पहिल्या अटीमुळे त्याला, तिचा, आला, गेला हे सगळे घडीतून बाहेर राहिले. ते टाइप करायला मदत लागत नाहीच.

रविवार, १३ जुलै

पूर्ण हस्तलिखितावर चालवून घड्या डोळ्याखालून घातल्या. बहुतेक बरोबर: पायथ्या, दगडा, शिलालेखा, कोनाड्यां, देवळी. एक मात्र अफलातून निघाली: 'महि', प्रत्यय 'ला' आणि 'ना'. महिला आणि महिना! तिन्ही अटी पार करून आलेत. ओळीला नावं ठेवायला जागा नाही, दोन अक्षरं आहेत, स्वरचिन्ह आहे, दोन प्रत्यय आहेत.

चौथी अट घातली: दोन प्रत्ययांपैकी एक तरी 'चा'च्या कुळातला किंवा लांब शब्दयोगी असावा. एवढ्या मोठ्या मजकुरात ज्या नामाला एकदाही 'चा, ची, चे, च्या' लागलं नाही असं नाम जवळपास नसतंच. 'महि' गेलं, 'महिलां' आणि 'महिन्या' या खऱ्या घड्या आपसूक राहिल्या.

उलट बाजूला गावांची नावं अडकली. लिंबला, लिंबची, पैठणला, पैठणचा. गावाचं नाव बरेचदा सामान्यरूप न होताच प्रत्यय घेतं, म्हणून ते दुसऱ्या अटीला नापास होतं. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचंही तेच, ट्रस्टला, ट्रस्टचा. यांच्यासाठी वेगळी वाट: उरलेला भाग फाइलीत स्वतंत्र शब्द म्हणूनही असेल आणि त्याला 'ला' आणि 'चा' दोन्ही लागलेले असतील, तर व्यंजनान्त असला तरी चालेल. 'फोटो'सारख्या शब्दांत सरळरूप आणि सामान्यरूप एकच, तिथे एकच ओळ येते.

'काळा' हा रंगही आहे आणि काळाचं सामान्यरूपही. यादीत एकदाच येतो आणि दोन्हीकडे चालतो. सोडून दिलं.

शनिवार, १९ जुलै

मावशी आज सकाळभर माझ्या मशीनवर बसली होती. थोड्या वेळाने हाक.

"अरे, तुझी यादी मला एकच शब्द दोनदा दाखवतेय. पायऱ्या, पायऱ्या. कुठला घेऊ?"

"कुठलाही घे, मावशी. सारखेच आहेत."

"सारखे आहेत तर दोन कशाला? मुद्रितात असं दिसलं असतं तर मी एकावर काट मारली असती."

सारखे दिसतात, पण आतून वेगळे आहेत. जुनी दोन प्रकरणं तिने दुसऱ्या प्रोग्राममध्ये, दुसऱ्या कळफलकावर टाइप केली होती. तिथे तो अर्धा र म्हणजे र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असा साठवलेला आहे. आता इनस्क्रिप्टवर ती शिफ्ट-जे दाबते तेव्हा ऱ हे युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं वेगळं अक्षर येतं आणि त्यापुढे हलन्त. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण इथे उपयोगाचं नाही, कारण त्याच्या लेखी या दोन लिहिण्याच्या पद्धती समान नाहीतच.

जोडक सगळीकडून काढून टाकणं हा सोपा उपाय सुचतो आणि तो घातक आहे. जोडक काढला की त्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या एकच होतात. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांचंही तेच. पंगतीला कोणाला बोलवायचं तेच कळणार नाही. म्हणून काढायचं नाही, बदलायचं: र, हलन्त, जोडक हे तीन एकत्र दिसले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. दोन रूपं एकाच किल्लीखाली येतात आणि निवडल्यावर ऱ-वालं रूप उमटतं.

त्याच ओघात 'ॲ' पाहिला. २००८च्या युनिकोड ५.१ मध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर आलं. त्याआधी, आणि बऱ्याच कळफलकांवर त्यानंतरही, अ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं टाइप होत. बारवांच्या मजकुरात असे शब्द थोडे आहेत, पण 'ॲड.' आहे, कारण दोन देवस्थानांचे विश्वस्त वकील आहेत. तेही एका किल्लीखाली आणलं.

पायऱ्यांची एकच ओळ झाली. मावशीने "हं" केलं आणि पुढे टाइप करायला लागली.

रविवार, २० जुलै

यादी किती अक्षरांनंतर उघडावी? कॉर्फू तीन चिन्हांनंतर उघडतं आणि ती चिन्हं युनिकोडची मोजतं. त्याचा मराठीत विचित्र परिणाम होतो. 'स्त्री' हे एक अक्षर सहा चिन्हांचं आहे, म्हणजे निम्मं अक्षर झालं की चौकट उडी मारून येते, 'स्त'ने सुरू होणारं सगळं घेऊन. उलट 'घर' पूर्ण झालं तरी दोनच चिन्हं.

कॉर्फूची मर्यादा १ वर आणली आणि मोजणी स्वतःच्या फंक्शनमध्ये घेतली. मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त मोजायचे नाहीत. हलन्तानंतर, किंवा हलन्त आणि जोडक यांच्यानंतर येणारं व्यंजनही नाही. राहतात ती आपण बोटावर मोजतो तशी अक्षरं. दोन अक्षरं झाल्याशिवाय फंक्शन गप्प बसतं. शेवटचं चिन्ह हलन्त असेल तरीही गप्प, कारण अक्षर अजून चालू आहे.

विलंब ०.२ सेकंदांचा होता, ०.५ केला. मावशी कागदाकडे बघत टाइप करते; थांबली तरच यादी हवी. वाहत्या हाताखाली चौकट लुकलुकली की तिचं लक्ष जातं.

कळांचाही प्रश्न निघाला. कळफलक ऑपरेटिंग सिस्टिममधूनच मराठी केलेला आहे, त्यामुळे यादीत खाली जायची मेटा-एन (ऑल्ट आणि एन) ही जोडी ईमॅक्सला मेटा-ल अशी पोचते आणि त्याला काही अर्थ लागत नाही. ईमॅक्सची स्वतःची देवनागरी इनपुट पद्धत वापरली तर हा घोळ होत नाही, पण मग इतर प्रोग्राममध्ये वेगळी सवय ठेवावी लागेल. बाण आणि टॅबवर भागवलं. एंटर यादीतून काढून टाकला: एंटर म्हणजे नवा परिच्छेद, एवढंच. आधीच्या प्रोग्राममध्ये एंटरने शब्द पक्का होई आणि तिच्या परिच्छेदांच्या शेवटी नको ते शब्द चिकटत. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शनिवार, २६ जुलै

रुंदी. हे पुढे ढकलत होतो.

सामान्यरूपाच्या ओळीत उजवीकडे फिकट अक्षरांत ते प्रत्यय दाखवायचे आहेत जे त्या शब्दाला फाइलीत लागलेत: 'बारवे' आणि पुढे 'त · ला · च्या'. यावरून लिहिणाऱ्याला कळतं की ही ओळ अर्धवट शब्द नाही, घडी आहे. ईमॅक्सच्या करारात यासाठी सोय आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाला पुढे-मागे जोड देणारं फंक्शन देता येतं, कॉर्फू ते मानतं.

पण जोड उजवीकडे ढकलायला कॉर्फू मधल्या भागात रिकाम्या जागा भरतं, आणि किती भरायच्या हे रकान्यांत मोजतं. एकसारख्या रुंदीच्या फॉन्टमध्ये हिशेब चोख बसतो. मुक्तामध्ये 'दगडा' आणि 'शिलालेखा' यांच्या पुढचे प्रत्यय वाटेल तिथे सुरू होतात. दहा ओळींचा उजवा काठ करवतीसारखा.

ईमॅक्समध्ये एका रिकाम्या जागेला 'इतक्या पिक्सेलपर्यंत पसर' असं सांगता येतं. तेच वापरलं. आधी दिसणाऱ्या ओळींतल्या शब्दांची रुंदी स्ट्रिंग-पिक्सेल-विड्थने मोजायची, सगळ्यात रुंद शब्द घ्यायचा, त्यात थोडं अंतर मिळवायचं आणि प्रत्येक जोडाच्या सुरुवातीला त्या पिक्सेलपर्यंत पसरणारी एक जागा टाकायची. कॉर्फूने आपल्या जागा भरल्या तरी त्या या मापाच्या आत राहतात आणि शेवटी सगळे प्रत्यय एका रेषेत येतात. चौकटीची किमान रुंदी वाढवली, म्हणजे उजवीकडचं कापलं जात नाही.

स्ट्रिंग-पिक्सेल-विड्थ ईमॅक्स २९पासून आहे आणि मोजण्यासाठी ते खरोखर शब्द एका लपलेल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या पानावर, मांडून बघतं. दर कळीला तेच तेच शब्द मोजत बसणं परवडत नाही. मोजलेली रुंदी हॅश नावाच्या तक्त्यात ठेवली, फॉन्ट बदलला की हॅश रिकामं. आता उशीर जाणवत नाही.

घडीची ओळ निवडल्यावर लगेच प्रत्ययांची दुसरी यादी उघडावी असंही करून पाहिलं. निवड झाल्यावर चालणारं फंक्शन करारात आहेच. दिसायला छान, वापरायला जड. 'त' ही एक कळ दाबण्याऐवजी यादी बघा, बाण दाबा, टॅब दाबा. मावशीने दोन ओळी लिहून "हे काढ" म्हटलं. काढलं. आता घडीनंतर लिहिणारा प्रत्यय टाइप करतो आणि शब्द घडी अधिक प्रत्यय असा पूर्ण दिसत असेल तर फंक्शन गप्प राहतं.

रविवार, ३ ऑगस्ट

क्रम. लांबीचा क्रम काढला. शब्द पुरवणाऱ्या फंक्शनने स्वतःचा क्रम सांगितला तर कॉर्फू तो मान्य करतं. माझा क्रम असा: कर्सरपासून मागे जवळ सापडलेला शब्द आधी. एका विहिरीचं वर्णन चालू असताना 'कमान', 'नंदी', 'गणेशपट्टी' हेच शब्द परत परत येतात आणि पुढच्या विहिरीला गेलं की बदलतात.

यामुळे अक्षरक्रमाचा प्रश्नही टळला. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे. आपल्या वर्णमालेत तो हच्या नंतर. नुसत्या क्रमांकांवर लावलेली यादी मराठी डोळ्याला चुकीचीच दिसते. ओळी आता सहाच ठेवल्यात आणि त्या जवळिकीने येतात, त्यामुळे वर्णमाला कुणी शोधत नाही. सगळी शब्दसूची छापायची वेळ आली तर ते काम वेगळं.

रंग: मोडस थीम ईमॅक्स २८पासून सोबतच येते आणि अक्षर-पार्श्वभूमीचा फरक किमान ७:१ ठेवते. तीच लावली. निवडलेल्या ओळीला गडद पट्टी, प्रत्ययांना राखाडी. मावशीला राखाडी फारच फिकट वाटला म्हणून एक पायरी गडद केला.

रविवार, १० ऑगस्ट

आठवडाभर मावशीने यावरच काम केलंय. 'बार' टाइप केलं की आता दिसतं: बारवे, बारव, बारवां, बारामोटेची, बारवा, बारकाव्यांनिशी. कुठल्या परिच्छेदात आहोत त्यावर क्रम हलतो, पण सहाही ओळी कामाच्या असतात.

तिच्या दोन सूचना. एक, शिलालेखांच्या उताऱ्यांतले शब्द यादीत नकोत. तिथली भाषा यादवकालीन आहे, काना-मात्रा जशी दगडावर तशी ठेवलेली, आणि ती रूपं चुकून आजच्या वाक्यात गेली तर तिलाच शोधत बसावं लागेल. उतारे ऑर्ग-मोड या ईमॅक्सच्या लेखनप्रकारात अवतरणाच्या चौकटीत घातलेलेच आहेत, त्यामुळे शब्द गोळा करताना त्या चौकटी ओलांडायच्या. हे आजच केलं.

दुसरी: "यादी चुकीचा शब्दही दाखवते रे. मी मागच्या प्रकरणात 'पुष्करणी' र्‍हस्व-दीर्घ चुकवून लिहिलं, आता ती चूक मलाच सुचवतेय." फाइलीतूनच शब्द घेतो म्हटल्यावर हे होणारच. हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी शब्दकोशातून तपासून न सापडलेल्या शब्दांच्या ओळीला वेगळा रंग द्यायचा विचार आहे. लपवायचे नाहीत, बारवांची परिभाषा कुठल्याच शब्दकोशात पूर्ण नसेल आणि निम्मे चांगले शब्द गायब होतील. ही तपासणी दर कळीला नको, शब्द गोळा करताना एकदाच, मशीन रिकामं असताना. पुढच्या शनिवारी.